हरवलेल्या भागांच्या वावड्या आणि माळ्यावरच्या कॅसेट

दूरदर्शनवरील एखाद्या जुन्या मराठी मालिकेचे 'हरवलेले भाग' सापडल्याची वावडी अधूनमधून उठत असते. कोणाच्या तरी माळ्यावर कॅसेटचा खोका निघालेला असतो, कधी निवृत्त तंत्रज्ञाच्या कपाटात टेप असतात, तर कधी भंगारवाल्याने काही रिळे बाजूला काढून ठेवलेली असतात. लोणावळा-खंडाळ्यात वर्षातील मोजकेच दिवस उघडणारी घरे पुष्कळ असल्याने तेथे अशी गोष्ट लगेच पटते. वास्तविक यातील प्रत्येक शक्यता काही प्रमाणात खरी आहे. जगभरात हरवलेले कार्यक्रम अशाच ठिकाणी सापडले आहेत. तथापि, वावडी आणि शोध यांतील फरक ओळखण्यासाठी मुळात हे भाग हरवले कसे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

टेप महाग, कार्यक्रम स्वस्त

मुंबई दूरदर्शन केंद्राचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले. त्यानंतर वर्षभराने, १९७३ मध्ये, सिंहगडावरील मनोऱ्यावरून पुण्यासाठी सहक्षेपण सुरू झाले आणि पुणे परिसरातील घरांवर ॲन्टेना दिसू लागल्या. 'गजरा', 'चिमणराव', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'शब्दांच्या पलीकडले', 'आमची माती आमची माणसं' हे त्या काळातील कार्यक्रम आजही ज्येष्ठ प्रेक्षकांच्या तोंडी आहेत. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील 'चिमणराव'मुळे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ही जोडी घराघरांत पोचली. जुने भाग पुन्हा कोठे पाहायला मिळतील, ही विचारणाही याच मालिकेबाबत वारंवार होते.

त्या काळी अनेक कार्यक्रम स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत. थेट प्रक्षेपणाचे ध्वनिचित्रमुद्रण केलेच नसेल, तर तो कार्यक्रम हरवत नाही. तो मुळात साठविलेलाच नसतो. ज्यांचे मुद्रण झाले, त्यांच्यापुढे वेगळे संकट होते. व्हिडिओ टेप परदेशातून आणावी लागे व ती महाग होती. तीच टेप पुसून तिच्यावर नवा कार्यक्रम मुद्रित करणे हा रोजच्या कामाचा भाग होता. कार्यक्रम एकदा, फार तर दोनदा दाखवायचा असतो, अशीच तेव्हाची समजूत होती. पुढे कोणी तो विकत घेईल किंवा अभ्यासासाठी मागेल, याचा विचार अंदाजपत्रकात नव्हता.

यातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. पुसलेल्या टेपवरील कार्यक्रम कोणत्याही गोदामात सापडू शकत नाही. सापडू शकते ती दुसरी प्रत, आणि ती निघाली असेल तरच.

१९८४ नंतरचे वेगळे चित्र

७ जुलै १९८४ रोजी 'हमलोग' सुरू झाली आणि प्रायोजित मालिकांचे युग आले. बाहेरचे निर्माते मालिका तयार करून दूरदर्शनला देऊ लागले. मूळ टेप अनेकदा निर्मात्याकडेच राहिल्या. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखविणे दूरदर्शनला शक्य झाले, कारण रामानंद सागर यांच्या कुटुंबीयांकडे ती मालिका जपलेली होती. पाठोपाठ एप्रिल २०२० मध्ये 'डीडी रेट्रो' ही वाहिनीच सुरू झाली.

म्हणजेच एकाच दूरदर्शनवरील १९७८ ची मालिका आणि १९८७ ची मालिका यांचे भवितव्य वेगवेगळे ठरले. केंद्राने स्वतः तयार केलेल्या कार्यक्रमाची जबाबदारी केवळ केंद्रातील टेपवर होती. निर्मात्याच्या मालिकेमागे मात्र प्रत जपण्यात आर्थिक हित असणारी एक व्यक्ती किंवा संस्था उभी होती. जुने कार्यक्रम आता प्रसार भारतीच्या संग्रह विभागामार्फत यूट्यूबवरही उपलब्ध होत असतात. त्यामुळे 'सापडला' म्हणून पसरविला जाणारा भाग अनेकदा तेथूनच उतरवून घेतलेला असू शकतो.

परदेशातील गाजलेला दाखला

अशा वावड्यांचा सर्वांत मोठा इतिहास ब्रिटनमधील 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचा आहे. १९६३ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचे १९६० च्या दशकातील अनेक भाग बीबीसीने पुसून टाकले. मात्र परदेशी केंद्रांना विकण्यासाठी त्यांच्या १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढलेल्या होत्या आणि त्या देशोदेशी फिरल्या. १९८३ मध्ये दोन भाग लंडनमधील एका चर्चच्या तळघरात मिळाले. १९९२ मध्ये चार भागांची एक संपूर्ण कथा हाँगकाँगहून परत आली.

२०१३ च्या उन्हाळ्यात तर नव्वदच्या आसपास भाग आफ्रिकेत सापडल्याची चर्चा चाहत्यांमध्ये रंगली होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रत्यक्ष घोषणा झाली तेव्हा फिलिप मॉरिस यांनी नायजेरियातील जोस शहरातून हरवलेले नऊ भाग मिळविल्याचे स्पष्ट झाले. बेपत्ता भागांची संख्या त्या शोधाने १०६ वरून ९७ वर आली. वावडी पूर्ण खोटी नव्हती. पण तिने आकडा दसपट फुगविला होता. चाहत्यांच्या आनंदावरही त्याचे सावट पडले. नऊ भाग मिळाल्याच्या समाधानापेक्षा उरलेले भाग लपविले जात असल्याचा संशय काहींच्या मनात अधिक काळ टिकला.

मराठी कार्यक्रमांना हा दाखला जसाच्या तसा लावता येत नाही. मुंबई केंद्राच्या कार्यक्रमांच्या प्रती अशा रीतीने देशोदेशी विकल्या जात नव्हत्या. सिंहगडासारख्या सहक्षेपण केंद्रात टेप साठण्याचेही कारण नाही. तेथे मुंबईहून येणारी लहर पुढे पाठविली जात असे. त्यामुळे 'जुन्या सहक्षेपण केंद्रात भाग सापडले' असे कोणी सांगितल्यास ती टेप तेथे का असावी, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

पुण्यातील उलटी वावडी

पुणे जिल्ह्याला याच जातीची, पण उलट दिशेची एक वावडी परिचयाची आहे. पहिला भारतीय बोलपट 'आलमआरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. त्या आगीत 'आलमआरा'ची अखेरची प्रत जळाली, असे पुढे अनेक वर्षे छापले व सांगितले गेले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक-संचालक पी. के. नायर यांनी याचा स्पष्ट इन्कार केला. संग्रहालयाची स्थापना १९६४ ची. त्यापूर्वीच हा चित्रपट नाहीसा झाला होता आणि संग्रहालयाकडे तो कधीच नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते.

हा इन्कार महत्त्वाचा होता, कारण चुकीच्या माहितीमुळे शोधाची दिशाच बदलते. २००३ पर्यंत प्रत पुण्यात होती असे मानले, तर तिच्याशी संबंधित कागदपत्रे आणि प्रती त्या अनुषंगाने शोधल्या जातील. ती त्याआधी अनेक दशके हरवली असेल, तर शोध वितरकांच्या, चित्रपटगृहांच्या आणि निर्मात्यांच्या वारसांकडे वळवावा लागतो. नायर यांचे काम याच मार्गाने चालले. दादासाहेब फाळके यांच्या 'कालिया मर्दन'सारख्या चित्रपटांचे आज पाहता येणारे भाग वारसांशी चिकाटीने साधलेल्या संपर्कातून वाचले. १९१९ च्या 'बिल्वमंगल' या मूकपटाचा अंश २०१६ मध्ये पॅरिसमधील चित्रपट संग्रहालयाकडून पुण्याला मिळाला. या शोधांची घोषणा झाली तेव्हा चित्रपटाचे नाव, उपलब्ध लांबी आणि प्रतीचे ठिकाण या तिन्ही गोष्टी सोबत होत्या.

वावडी पारखण्याच्या कसोट्या

पहिली कसोटी काळाची आहे. दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले. त्यामुळे १९७८ च्या कार्यक्रमाचे 'मूळ रंगीत मुद्रण' सापडल्याचा दावा टिकत नाही. दुसरी कसोटी यंत्राची. व्हीएचएस पद्धत जपानमध्ये १९७६ साली बाजारात आली आणि भारतीय घरांत व्हीसीआर प्रामुख्याने १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास पोचले. त्याआधीच्या कार्यक्रमाचे घरगुती मुद्रण अशक्य नसले तरी दुर्मिळ आहे. १९८० च्या दशकातील पुनःप्रक्षेपण, नाट्यप्रयोग किंवा मुलाखतीचे घरगुती मुद्रण मिळणे अधिक संभवते.

तिसरी कसोटी चित्राची. एखादे छायाचित्र मालिकेतील म्हणून फिरत असेल, तर ते त्याच व्यक्तिरेखांवरील चित्रपटातील नाही ना, हे पाहावे. 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट १९७९ मध्ये आला होता. चौथी कसोटी सर्वांत साधी आहे: टेप कोणाकडे आहे, ती कोणत्या प्रकारची आहे आणि कोणी ती चालवून पाहिली? 'घोषणा लवकरच', 'हक्कांची बोलणी सुरू असल्याने नाव सांगता येत नाही' या उत्तरांवर महिनोन्‌महिने काही घडले नाही, तर ती वावडी समजावी.

मावळातील पाऊस हा खरा शत्रू

वावड्यांच्या गर्दीत एक गोष्ट दुर्लक्षित राहते. खरोखरच कोणाकडे एखादी जुनी कॅसेट असेल, तर ती दरवर्षी थोडीथोडी नष्ट होत आहे. लोणावळ्यात पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेकडे तळेगावपर्यंत त्याचे प्रमाण बरेच घटते. पण घाटमाथा, पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळात जून ते सप्टेंबर हवा सतत दमट असते. चुंबकीय टेपवरील कण धरून ठेवणारा लेप ही ओल शोषतो आणि चिकट होतो. बंद घरात टेपच्या कडांवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट यंत्रात घातली, तर टेप तुटते, यंत्राचे हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते.

यंत्रांचाही प्रश्न आहेच. व्हीसीआर तयार करणारी अखेरची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. चालू स्थितीतील यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात, दोन्ही कमी होत आहेत.

कॅसेट किंवा रीळ सापडल्यास

कॅसेट उत्सुकतेपोटी लगेच चालवू नये. प्रथम झडप उघडून बुरशी आहे का, ते उजेडात पाहावे. व्हीएचएस कॅसेटच्या कडेवरील प्लास्टिकचा छोटा तुकडा तोडल्यास तिच्यावर चुकून नवे मुद्रण होण्याचा धोका टळतो. कॅसेट उभी, कोरड्या जागी, लोहचुंबक व स्पीकरपासून दूर ठेवावी. लेबलवरील हस्ताक्षरातील मजकुराचे छायाचित्र घ्यावे. अनेकदा तारीख तेवढ्यावरूनच ठरते. त्यानंतर अनुभवी तंत्रज्ञाकडून डिजिटल प्रत करून घ्यावी आणि मूळ कॅसेट फेकू नये.

फिल्मचे रीळ सापडल्यास अधिक सावधगिरी हवी. १९५० च्या सुमारापर्यंत वापरली जाणारी ३५ मिलिमीटरची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते. ती प्रोजेक्टरवर चढवू नये, उन्हात ठेवू नये; पुण्यातील लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. मावळाचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. फाळके यांच्या लघुपटांत तळेगावच्या काच कारखान्यावरील पटाचीही नोंद आढळते. कथापटांच्या मानाने असे छोटे पट जपण्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते.

हक्कांबाबतही स्पष्टता हवी. कॅसेट घरमालकाची असली, तरी तिच्यातील कार्यक्रम त्याचा होत नाही. भारतीय कायद्यानुसार प्रक्षेपणावरील हक्क २५ वर्षे आणि चित्रपटावरील हक्क ६० वर्षे राहतो. कथा, संगीत यांचे हक्क आणखी वेगळे. त्यामुळे सापडलेला भाग थेट इंटरनेटवर टाकण्यापेक्षा त्याची माहिती दूरदर्शनच्या मुंबई केंद्राला किंवा निर्मात्याला देणे श्रेयस्कर. मूळ कॅसेट स्वतःकडे ठेवून प्रत देण्याची तयारी असल्यास तसे पत्रात नमूद करावे. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारताना आणि माळे आवरताना जुन्या कॅसेटचा खोका भंगारात देण्याआधी एकदा लेबले वाचली, तर एवढ्या कामासाठी कोणत्याही वावडीची वाट पाहावी लागणार नाही.