पानाचे चित्र आणि पानातली अक्षरे

छापील पान एकट्या माणसाच्या हातून सहसा पुरे होत नाही. रूप ठरवणारा एक असतो आणि ते उतरवणारा दुसरा. पूर्वी लेखनिक आणि छापखानेवाला, मग चित्रकार आणि जुळारी, आज डिझायनर आणि वेब डेव्हलपर. पहिल्याने दुसऱ्याच्या हाती नेमके काय द्यायचे, या प्रश्नाची मराठीत दोनच उत्तरे दिली गेली आहेत. एकतर पानाचे चित्र द्यायचे, नाहीतर पानातली अक्षरे.

१६ मार्च १८३१ रोजी गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. तेलकट शाईने लिहिलेले पान जसेच्या तसे दगडावर उमटवायचे आणि त्यावरून प्रती काढायच्या, अशी ही रीत. लेखनिकाच्या हाताचे वळण थेट वाचकापर्यंत पोचे. पण दगडावर असे ते पानाचे चित्र. मधे चार ओळी घालायच्या तर पान नव्याने लिहावे लागे.

खिळ्यांची रीत याच्या उलट. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे सुबक खिळे राणोजी रावजी आरू यांच्या हातचे. खिळ्यांनी जुळवलेली ओळ मोडता येते, शब्द बदलता येतो, तेच खिळे दुसऱ्या पुस्तकाला वापरता येतात. त्यासाठी काने, वेलांट्या, जोडाक्षरे धरून शेकडो खिळे हाताशी ठेवावे लागत. ‘कि’ जुळवताना जुळारी आधी वेलांटी ठेवी आणि मग क. डोळ्यांना दिसे तो त्याचा क्रम. ही बारीकशी गोष्ट लक्षात असू द्यावी. पुढे तिनेच बराच घोळ घातला.

मी वडाळ्यात राहतो. नायगाव क्रॉस रोडवरचे वडाळा उद्योग भवन, ग. द. आंबेकर मार्गाच्या बाजूच्या औद्योगिक वसाहती, इथल्या गाळ्यांत छपाईची कामे चालत आली आहेत. या विषयाचे रीतसर शिक्षण मला नाही. जे कळले ते या गाळ्यांत उभे राहून, कारागिरांना विचारून आणि नंतर पुस्तके धुंडाळून. नव्वदीच्या दशकात इथे खिळे मागे पडले आणि डिझायनरकडून फ्लॉपी, पुढे सीडी येऊ लागली. तेव्हा छापखानेवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे: ‘ओपन फाइल आहे की कर्व्ह केलेली?’

ओपन फाइलमध्ये मजकूर अक्षरांच्या रूपात असतो आणि दुरुस्त करता येतो. मात्र तोच फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल तर पान विस्कटते. म्हणून कोरलड्रॉमध्ये सगळी अक्षरे ‘कर्व्ह’ करून पाठवायची पद्धत पडली. कर्व्ह केले की अक्षर ही नुसती बाह्यरेषा उरते. कुठल्याही यंत्रावर ते तसेच दिसते, पण संगणकाच्या लेखी तो क नसतो, एक आकृती असते. शिळाछाप दीडशे वर्षांनी परत आला होता.

ओपन फाइलमधली अक्षरे तरी मराठी होती का? त्या काळच्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले होते. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या स्मृतीत ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच इंग्रजी अक्षरांनी साठवला जाई. श्रीलिपी, आकृती, शिवाजी यांची मांडणी आणखी वेगळी. शिवाय ऱ्हस्व वेलांटी जुळाऱ्याच्या सवयीप्रमाणे व्यंजनाच्या आधी. कागदावर हे काही कळत नसे, कारण कागदाला फक्त आकार हवा असतो.

पान वेबवर जाऊ लागले तेव्हा हे उघडे पडले. डिझायनरच्या फाइलमधून डेव्हलपरने मजकूर उचलला की इंग्रजी अक्षरांचा कचरा हाती येई. मग संकेतस्थळे वाचकाला आधी फॉन्ट उतरवून घ्यायला सांगत, नाहीतर पानाचे चित्रच लावत. दोन्ही रीतींत शोधयंत्राला त्या पानावर मराठी सापडत नसे.

तोडगा तयार होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये आले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. त्यात क म्हणजे क, फॉन्ट कोणताही असो. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर साठवायची. ती आधी दाखवणे हे फॉन्टचे काम. विंडोज २००० बरोबर मंगल हा देवनागरी फॉन्ट आला. तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. पण दिवाळी अंकांची पाने ज्या पेजमेकरमध्ये लागत, त्याला युनिकोड कधीच समजले नाही. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. त्यामुळे कित्येक वर्षे डेव्हलपर युनिकोडमध्ये आणि डिझायनर जुन्या फॉन्टांत, अशी फाळणी राहिली.

तिची किंमत मी मोजून पाहिली आहे. बंद होणाऱ्या एका गाळ्यातून एका लहान मासिकाच्या जुन्या दिवाळी अंकांच्या सीडी मला मिळाल्या. पेजमेकरच्या फाइली इनडिझाइनच्या २०१२ च्या सीएस सिक्स आवृत्तीपर्यंत उघडत; पुढे ती वाट बंद झाली. परिचिताच्या जुन्या संगणकावर त्या उघडल्या. कथा आणि लेख विस्कटलेले दिसले, तरी फॉन्ट बदलणाऱ्या साधनाने त्यातला बहुतेक मजकूर युनिकोडमध्ये आला. ‘स्थिती’ची वेलांटी आणि ‘दुसऱ्या’चा रफार हाताने सुधारावे लागले, एवढेच. कवितांची सजवलेली पाने मात्र कर्व्ह केलेली होती. ती आजही पहिल्या दिवसासारखी देखणी दिसतात. त्यातली एकही ओळ शोधून सापडत नाही. चित्रावरून अक्षर ओळखणारी साधने अनुस्वार आणि रफार गाळतात, म्हणून त्या कविता मी पुन्हा टंकल्या. त्यांतल्या काही कवींचे दुसरे काही छापलेले माझ्या पाहण्यात नाही.

का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’चा १९०९ चा दिवाळी अंक हाती आला तर आपण तो आजही वाचू शकतो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या अंकाची फाइल वाचायला जुना संगणक शोधावा लागतो.

आज फिग्मासारख्या साधनात डिझायनर आणि डेव्हलपर एकच फाइल पाहतात, आणि तिच्यातला मजकूर युनिकोडमध्ये असतो. तरी मराठीचे प्रश्न संपलेले नाहीत. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण मराठी वळण उमटायला डेव्हलपरने पानाच्या संकेतात ‘भाषा मराठी’ अशी नोंद करावी लागते. डिझायनरच्या चित्रात ही नोंद दिसत नाही. ती तोंडाने सांगावी किंवा लिहून द्यावी लागते. आणि घाई असली की शुभेच्छापत्रापासून सूचनापत्रापर्यंत सगळे अजूनही चित्र करूनच वेबवर चढवले जाते.

संपादकांना माझी एक विनंती आहे. यंदाचा अंक छपाईला गेला की पीडीएफवर थांबू नका. डिझायनरकडून ओपन फाइल आणि वापरलेले फॉन्ट मागून घ्या. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलींत वेगळा ठेवा. प्रत्येक लेखाची एक फाइल, वर लेखकाचे नाव आणि वर्ष. या कामाला एक संध्याकाळ पुरते. पाने देखणी करणारा डिझायनर पुढच्या वर्षीही मिळेल. कवितेची ओळ एकदा आकृती झाली की ती परत अक्षरांत आणायला कुणाला तरी पहिल्यापासून टंकत बसावे लागते, आणि तोवर तसे कुणी उरलेले असेलच असे नाही.