झोळीपासून शस्त्रक्रियेपर्यंत : सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचें कार्य

सोलापूर म्हटलें कीं गिरण्या आणि चादरी आठवतात. परंतु याच गांवीं १० ऑक्टोबर १९१० रोजीं जन्मलेल्या एका डॉक्टराची समाधि दूर उत्तर चीनमध्यें, शिजियाझुआंग शहरीं आहे. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हें त्यांचें नांव. जपानच्या आक्रमणानें होरपळणाऱ्या चीनच्या साह्यार्थ राष्ट्रसभेनें १९३८ च्या सप्टेंबरांत पांच डॉक्टरांचें पथक धाडलें. अटल, चोळकर, बसु, मुखर्जी आणि पांचवे कोटणीस.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटानें ही कथा घरोघर नेली. तथापि कोटणीसांच्या कार्याचें मर्म केवळ शस्त्रक्रियेच्या टेबलाशीं सांपडावयाचें नाहीं. जखमी तेथवर जिवंत कसा पोंचला, हा खरा प्रश्न. मुलूख डोंगराळ, मोटारीची वाट नाहीं, औषधांची वानवा. रक्त वाहत असतां घटका घटका मोलाची. रणभूमीवर जो पहिला पट्टा आवळी, त्याच्या हातावर पुढील सारें अवलंबून! पट्टा केव्हां बांधला हें पुढच्यास कळलें नाहीं, तर जीव वांचूनही पाय गमावण्याची पाळी. मग गांवकरी झोळी खांद्यावर घेऊन डोंगर उतरत, आणि खालीं परिचारिका जखम धुऊन, कोणास आधीं आंत न्यावें तें पाहत.

कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथून यांनीं येथें फिरत्या पथकांची पद्धत पाडली होती : जखमीनें डॉक्टराकडे येण्याऐवजीं डॉक्टरानेंच खेचरांवर सामान लादून आघाडीजवळ जावें. शस्त्रक्रिया करतांना बोट कापून त्यांचें रक्त दूषित झालें, व १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं ते वारले. त्यांच्या नांवानें चाललेल्या रुग्णालयाचे कोटणीस जानेवारी १९४१ मध्यें प्रमुख झाले. त्यापूर्वीं १९४० च्या एका मोहिमेंत तेरा दिवसांत सुमारें ८०० जखमी आले व ५५८ शस्त्रक्रिया झाल्या, असें सांगितलें जातें. म्हणजे दिवसास चाळिसांहून अधिक! एका माणसाच्या दोन हातांचें हें काम नव्हे.

कोटणीस चिनी भाषा शिकले व तींतूनच शिकवूं लागले. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. पण उघड्या जखमेवर वांकलेल्या डॉक्टरास दुभाष्याची वाट पाहून कसें चालेल? रुग्णालयास जोडलेल्या शाळेंत गुओ छिंगलान परिचर्या शिकवीत. १९४१ च्या अखेरीस त्या दोघांचा विवाह झाला. चित्रपटांतील नायिका लोकांच्या लक्षांत राहिली. परिचर्येची ही शिक्षिका मात्र फारशी राहिली नाहीं.

ऑगस्ट १९४२ मध्यें त्यांना पुत्र झाला. भारत व चीन या दोन्ही देशांचीं नांवें जोडून त्याचें नांव यिनहुआ ठेविलें. पुढें चारच महिन्यांनीं, ९ डिसेंबरला, अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीस गेले. वय अवघें ३२. गुओ छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या. सोलापुरांतील कोटणीसांचें जन्मघर आतां स्मारक झालें आहे.