पाठीराख्यांचे गाणे

फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात प्रत्येक देशाची दोन गाणी असतात. पहिले राष्ट्रगीत. ते शासनाचे, ठरलेल्या वेळी सावधान उभे राहून म्हणायचे. आपले ५२ सेकंदांत पूर्ण होते. दुसरे गाणे चेंडू फिरू लागल्यावर प्रेक्षकांतून उठते. ते कोणी नेमून दिलेले नसते आणि पुष्कळदा फुटबॉलसाठी लिहिलेलेही नसते. या दुसऱ्या प्रकारच्या गाण्यांचा गेल्या साठेक वर्षांचा इतिहास चाळला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: जी गाणी टिकली, त्यांतली बरीचशी विजयाची नाहीत. भारतीय संघाच्या पाठीराख्यांना असे स्वतःचे गाणे अजून का सापडले नाही, या प्रश्नाकडेही याच बाजूने पाहायला हवे.

स्कॉटलंडचे उदाहरण घेऊ. ‘फ्लॉवर ऑफ स्कॉटलंड’ हे गीत रॉय विल्यमसन या लोकगायकाने १९६०च्या दशकात रचले. विषय १३१४ सालच्या बॅनकबर्नच्या लढाईचा. ते आधी रग्बीच्या मैदानावर रुजले आणि नव्वदच्या दशकात फुटबॉलनेही ते स्वीकारले. लोकांनी आधी उचलले, संघटनेने मागाहून मान्यता दिली, हा क्रम महत्त्वाचा आहे.

इंग्लंडचे ‘थ्री लायन्स’ हे मात्र १९९६च्या युरो स्पर्धेसाठी मुद्दाम तयार केलेले गाणे. तरीही ते टिकले, कारण त्यात फुशारकी नव्हती. १९६६च्या विश्वविजेतेपदानंतरची तीस वर्षांची निराशा आणि तरीही न सुटलेली आशा हाच त्याचा विषय. त्या स्पर्धेत इंग्लंड उपांत्य फेरीत जर्मनीकडून पेनल्टीवर हरले. जर्मन संघाने चषक जिंकून फ्रँकफुर्टमध्ये जल्लोष केला, तेव्हा त्यांनी हेच इंग्लंडचे गाणे म्हटले! प्रतिस्पर्ध्यालाही म्हणावेसे वाटणे, ही कोणत्याही गाण्याला मिळालेली मोठीच पावती.

आयर्लंडचे ‘द फील्ड्स ऑफ अ‍ॅथनराय’ तर दुष्काळाचे गाणे आहे. पीट सेंट जॉन यांनी ते १९७०च्या दशकात लिहिले. एकोणिसाव्या शतकातल्या महादुष्काळात घरच्यांसाठी धान्य चोरणाऱ्या माणसाला ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडले जाते, ही त्यातली कथा. १४ जून २०१२ रोजी पोलंडमधील ग्दान्स्क येथे स्पेनने आयर्लंडला ४-० असे हरवले. संघ स्पर्धेबाहेर गेला होता आणि शेवटची मिनिटे सुरू होती. त्या वेळी हजारो आयरिश प्रेक्षक हे गाणे गात राहिले. वेल्सचे ‘इमा ओ हीद’ १९८३चे. डॅविड इवान यांच्या या गाण्याच्या नावाचा अर्थ ‘अजून इथेच आहोत’ असा होतो. ते मूळचे वेल्श भाषेच्या आणि अस्मितेच्या चिवटपणाचे गीत. वेल्सचा संघ चौसष्ट वर्षांनी, २०२२मध्ये, विश्वचषकाला पोचला, तेव्हा हेच त्यांचे अधिकृत गाणे झाले.

आशयाइतकीच महत्त्वाची असते ती घडण. मैदानावर साथीला वाद्यवृंद नसतो, सूर लावून देणारा नसतो आणि बहुतेकांचे गळे सामान्य असतात. म्हणून गाण्याची पट्टी फार वर जाऊन चालत नाही, ओळ एका श्वासात मावावी लागते आणि लय संथ असावी लागते. नाहीतर या टोकाचा आवाज त्या टोकाला पोचेपर्यंत ताल मोडतो.

ही घडण आपल्याला नवी नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या संग्रामपूर तालुक्यात फुटबॉल तसा दूरचाच खेळ. पण शेजारच्या शेगावहून आषाढीला पंढरपूरला पायी जाणारी पालखी इथल्या घराघरांत ठाऊक आहे. दिंडीत एक जण अभंगाचे चरण म्हणतो, टाळकरी ध्रुपद उचलतात. चरण पाठ नसलेल्यालाही ध्रुपद येते, त्यामुळे कोणी बाहेर राहत नाही. गाण्याची चाल पायांच्या चालीशी जुळलेली असते; मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, हे उगीच नाही. पाठीराख्यांच्या गाण्यालाही हेच लागते: सगळ्यांना येणारे ध्रुपद आणि शरीराने धरता येणारी लय.

आता भारतीय संघाकडे वळू. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ताला दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी राजकीय वादामुळे मैदानावरची गर्दी भारताच्या विरोधात होती. त्या गोंगाटात पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंनी आपल्याला प्रोत्साहन दिले, अशी आठवण आपल्या खेळाडूंनी पुढे सांगितली. म्हणजे संघ सर्वोत्तम होता तेव्हा त्याच्यामागे परदेशी जाऊन गाणारे पाठीराखे नव्हते.

पुढे उलटे झाले. संघाची घसरण झाली आणि घरच्या मैदानावरची गर्दीही पातळ झाली. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले, तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफितीतून हात जोडले: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, मैदान भरले. मुसळधार पावसातही लोक हलले नाहीत. २०१७मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्लू पिलग्रिम्स’ या पाठीराख्यांच्या गटाच्या नावात ‘यात्रेकरू’ आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे.

गाणे मात्र उसनेच राहिले. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी प्रीतम यांनी ‘कर के दिखला दे गोल’ हे गाणे केले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता आणि नवी मुंबईतही सामने झाले. स्पर्धा संपली तसे गाणेही मागे पडले. उलट ४ जुलै २०२३ रोजी बंगळुरूला कुवेतला पेनल्टीवर नमवून भारताने सॅफ चषक जिंकला, तेव्हा सारे मैदान ए. आर. रहमान यांचे १९९७चे ‘माँ तुझे सलाम’ गाऊ लागले. ते काही फुटबॉलचे गाणे नाही. पण त्याच्या ध्रुपदातले दोन शब्द मलप्पुरमपासून ऐझॉलपर्यंत सर्वांना येतात. अनेक भाषांच्या देशात ही साधी गोष्ट निर्णायक ठरते.

तरीही ते जिंकल्यानंतरचे गाणे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावला सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. अशा रात्री काय म्हणायचे, याचे उत्तर आपल्याकडे अजून नाही. ते स्पर्धेआधी एखाद्या स्टुडिओत तयार होईल, असे इतिहास पाहता वाटत नाही. कोल्हापूरच्या एखाद्या तालमीच्या पोरांत, केरळात किंवा मिझोराममध्ये आधीच म्हटली जाणारी एखादी चाल कुणीतरी हरत्या सामन्यात उचलेल आणि शेजारचा ध्रुपद धरील. त्यासाठी हरतानाही मैदानावर थांबणारी माणसे हवीत. पावसात भिजलेल्या अंधेरीच्या प्रेक्षकांनी २०१८मध्ये दाखवून दिले, की अशी माणसे आपल्याकडे आहेत.