सुंधागे, पिया

सुंधागे, पिया : (१३ फेब्रुवारी १९६०– ). स्वीडनच्या माजी फुटबॉलपटू व महिला फुटबॉलच्या प्रशिक्षक. अमेरिका, स्वीडन, ब्राझील आणि स्वित्झर्लंड या चार देशांच्या वरिष्ठ महिला संघांचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी सांभाळले. अमेरिकेने त्यांच्या हाताखाली २००८ व २०१२ ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, तर स्वीडनने २०१६ मध्ये रौप्यपदक मिळवले.

दक्षिण स्वीडनमधील उल्रिसेहाम्न हे त्यांचे जन्मगाव. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९७५ मध्ये, त्या राष्ट्रीय संघातून प्रथम खेळल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपर्यंत आघाडीच्या व मधल्या फळीत खेळत त्यांनी १४६ सामन्यांत ७१ गोल केले. १९८४ मध्ये युरोपातील महिला राष्ट्रीय संघांची पहिली अधिकृत स्पर्धा झाली. तिच्या अंतिम फेरीत इंग्लंडविरुद्ध दोन सामने होते. गोथेनबर्गचा पहिला सामना स्वीडनने १–० असा जिंकला. गोल सुंधागे यांचा होता. परतीच्या सामन्यात ल्यूटनच्या मैदानावर इतका चिखल होता की चेंडू जागीच अडकत होता. तो सामना इंग्लंडने त्याच फरकाने जिंकल्यामुळे निकाल पेनल्टी शूटआउटवर गेला आणि निर्णायक पेनल्टी सुंधागे यांनीच गोलात मारली. १९९१ च्या पहिल्या महिला विश्वचषकात तिसरे स्थान मिळवणाऱ्या स्वीडिश संघातही त्या होत्या. इटलीच्या लात्सिओ संघाकडून त्या एक हंगाम खेळल्या.

हामरबी संघाच्या खेळाडू असतानाच त्यांनी प्रशिक्षणाला सुरुवात केली. पुढे अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये त्या आधी फिलाडेल्फियाच्या सहायक आणि २००३ मध्ये बॉस्टन ब्रेकर्सच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्यानंतर त्यांनी नॉर्वेत कोल्बोट्न व स्वीडनमध्ये ओरेब्रो या संघांना प्रशिक्षण दिले. २००७ च्या विश्वचषकात त्या चीनच्या संघाबरोबर मारिका डोमान्स्की-लिफोर्स यांच्या सहायक होत्या.

त्याच विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात अमेरिकेने गोलरक्षक होप सोलोला बसवून ब्रायाना स्करीला उतरवले आणि ब्राझीलकडून ०–४ असा पराभव पत्करला. सोलोने या निर्णयावर जाहीर टीका केली, सहकाऱ्यांनी तिला वाळीत टाकले आणि प्रशिक्षक ग्रेग रायन यांचा करार पुढे वाढला नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये सुंधागे यांनी हा दुभंगलेला संघ हाती घेतला. पहिल्याच बैठकीत त्यांनी गिटारवर बॉब डिलनचे गाणे म्हटले. या प्रसंगाचे वर्णन त्यांच्यावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात सापडते. त्याहून महत्त्वाचे काम त्यांनी केले ते सोलोला संघात परत आणण्याचे. झाले ते विसरू नका, पण माफ करा, जिंकायला गोलरक्षक लागतो, असे त्यांनी खेळाडूंना समजावले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये नॉर्वेकडून ०–२ हरून सुरुवात झाली, तरी संघ अंतिम फेरीत ब्राझीलसमोर उभा राहिला. बहात्तराव्या मिनिटाला ब्राझीलच्या मार्ताने जवळून मारलेला जोरकस फटका सोलोने उजव्या हाताने परतवला आणि अतिरिक्त वेळेत कार्ली लॉइडच्या गोलवर अमेरिका १–० अशी जिंकली. २०११ च्या विश्वचषकाची अंतिम लढत २–२ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर जपानने जिंकली. पुढल्याच वर्षी लंडनच्या वेम्बली मैदानावर ८०,२०३ प्रेक्षकांसमोर अमेरिकेने जपानला २–१ असे हरवून ऑलिंपिक सुवर्णपदक राखले. अमेरिकेबरोबरचे १०७ पैकी ९१ सामने त्यांनी जिंकले, फक्त ६ गमावले. हे यश प्रशिक्षणाचे किती आणि मुळातच बलाढ्य असलेल्या खेळाडूंचे किती, यावर मतभेद आहेत. २०१२ साठीचा फिफाचा सर्वोत्कृष्ट महिला संघ प्रशिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला.

२०१२ अखेर त्यांनी थॉमस डेनरबी यांच्याकडून स्वीडनच्या संघाची सूत्रे घेतली. घरच्या मैदानावरील २०१३ च्या युरो स्पर्धेत स्वीडन उपांत्य फेरीत हरला आणि २०१५ च्या विश्वचषकात एकही सामना न जिंकता बाहेर पडला. रिओ ऑलिंपिकच्या साखळीत ब्राझीलने स्वीडनला १–५ असे लोळवल्यावर सुंधागे यांनी बचावफळी खोल ओढली, दोन फळ्यांतले अंतर कमी केले आणि प्रतिहल्ल्यावर भर दिला.  उपांत्यपूर्व फेरीत गाठ अमेरिकेशी होती. राखीव बाकावरून आलेल्या स्टिना ब्लाकस्टेनियसने आघाडी मिळवून दिली, अॅलेक्स मॉर्गनने बरोबरी साधली. पेनल्टी शूटआउटमध्ये लिसा दालक्विस्त निर्णायक पेनल्टी घ्यायला उभी असताना सोलोने हातमोजे बदलायला वेळ घेतला. दालक्विस्त शांतपणे थांबली आणि तिने गोल केला. प्रतिस्पर्धी भ्याडपणे खेळले, असे सोलो सामन्यानंतर म्हणाली. अमेरिकी महासंघाने तिला सहा महिन्यांसाठी निलंबित केले. पुढे माराकाना मैदानावर स्वीडनने ब्राझीललाही पेनल्टींवर हरवले. अंतिम सामना जर्मनीने २–१ असा जिंकला. २०१७ च्या युरोनंतर सुंधागे यांनी हे पद सोडले.

जुलै २०१९ मध्ये ब्राझीलच्या महिला संघाने त्यांच्या रूपाने प्रथमच परदेशी प्रशिक्षक नेमला. २०२२ च्या कोपा अमेरिका स्पर्धेत ब्राझीलने सहाच्या सहा सामने जिंकताना २० गोल केले, एकही स्वीकारला नाही. भारतीय वाचकांना मात्र २५ नोव्हेंबर २०२१ चा मानाउसचा सामना आठवेल. ब्राझीलची खेळाडू फोर्मिगा हिच्या त्या निरोपाच्या सामन्यात ब्राझीलने भारताला ६–१ असे हरवले. भारताचा तो एकमेव गोल, आठव्याच मिनिटाला बरोबरी साधणारा, मनीषा कल्याणचा होता. भारताचे प्रशिक्षक होते स्वीडनच्या संघाचे माजी प्रशिक्षक, तेच डेनरबी. २०२३ च्या विश्वचषकात ब्राझील साखळीतच बाद झाला. अनुभवी क्रिस्तियानेला संघात न घेतल्याबद्दल आधीच टीका झाली होती. ऑगस्टअखेर सुंधागे यांना पदावरून दूर करण्यात आले.

जानेवारी २०२४ मध्ये त्या स्वित्झर्लंडच्या प्रशिक्षक झाल्या. २०२५ च्या घरच्या युरो स्पर्धेत स्विस महिला संघ प्रथमच युरोच्या बाद फेरीत पोहोचला. तेथे स्पेनने त्यांना ०–२ असे हरवले. स्पर्धेनंतर त्यांचा करार वाढवण्यात आला नाही.