कटपीसचा उन्हाळा

मे महिन्यात आमच्या घरातली सगळी पोरं एकाच कापडात फिरायची. निळ्या रेघांचं कापड आलं तर आम्हा मुलांच्या बंड्या, थोरल्या बहिणीचा झंपर, धाकटीचा झगा, पाळण्यातल्याचं अंगडं, सगळं निळ्या रेघांचं. गावातली माणसं म्हणायची, "बँडवाल्याची पोरं निघाली बघा." आम्हाला त्याची लाज वाटायची नाही. उलट हे कापड मुंबईच्या गिरणीतलं आणि आमच्या तात्यांनी आणलेलं, हे आम्ही कुणी विचारायच्या आतच सांगून टाकायचो.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर मुंबई. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला. पुढं गिरण्या वाढत गेल्या, तशी कोकणातली आणि आमच्या घाटावरची माणसं गिरणगावात जात राहिली. तात्या म्हणजे माझे चुलते. ते साचेखात्यात होते. लालबागला एक खोली, तीत काकी आणि तीन पोरं. काकी खानावळ चालवायची. पाळी सुटेल तशी माणसं जेवायला यायची, त्यामुळं तिची चूल पहाटेपासून रात्रीपर्यंत पेटलेली. तात्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. पोरांची परीक्षा संपली की ती गावाकडं येणाऱ्या कुणाच्या तरी संगतीनं रात्रीच्या एसटीत बसवून दिली जायची. तात्या नंतर जत्रेच्या आसपास आठ-दहा दिवस यायचे, आणि त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या खाली कटपीस असायचे.

ताग्याच्या शेवटी उरलेले किंवा विणताना कुठं चुकलेले ते तुकडे. गिरणीच्या दुकानात कामगारांना स्वस्तात मिळायचे. आजी ते पसरून हाताच्या वितीनं मोजायची आणि मग रात्रभर पाण्यात भिजत घालायची. नव्या कापडाला खळ असते. ती उन्हात अंगाला टोचते आणि लहान पोरांना घामोळ्या उठतात, हे तिचं शास्त्र. भिजवलं की कापड आटायचं ते शिवायच्या आधीच आटायचं, हा दुसरा फायदा.

शिंपीमामा आमच्याच आळीला. ओट्यावर मशीन. आजी त्यांच्यासमोर बसून हुकूम सोडायची. बंडीला बाह्या नकोत. बगल मोठी काढा, वारं खेळलं पाहिजे. खिसा एकच, तोही आतून, म्हणजे उन्हात जाताना पोराच्या खिशात कांदा घालता येतो. दोन खिसे केले की दुसऱ्यात चिंचोके भरतात आणि खिसा फाटतो. चड्डीला नाडी, बटण नको, बटण विहिरीत जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली चार बोटं दुमड. दरवर्षी ती दुमड थोडी उसवायची आणि चड्डी एका वर्षानं वाढायची. मग आधीच्या दुमडीच्या जागी गडद रंगाचा एक पट्टा दिसायचा. कुणाच्या चड्डीला किती पट्टे, त्यावरून ती किती वर्षांची ते कळायचं. माझ्या एका चड्डीला तीन पट्टे होते, आणि ती माझ्याकडं आली तेव्हाच त्यातले दोन तिच्यावर होते.

दोन वर्षांखालच्या पोरांना मात्र नवं कापड नाहीच. त्यांची अंगडी-टोपरी आजीच्या किंवा आईच्या जुन्या लुगड्याची. शंभर वेळा धुतलेलं सुती लुगडं इतकं मऊ होतं, की घाम कधी टिपला ते पोराला समजत नाही.

आता लोक विचारतात, सुट्टीत मुलांना गुंतवून कसं ठेवायचं, आईबापांना वेळ नसतो. आमच्या आईबापांनाही नव्हता. सकाळी आबा शेणखताच्या गाड्या ओढत, आई दिवस उगवायच्या आत कुरडयांचा चीक शिजवायला बसलेली. आम्हाला वेगळं असं कुणी खेळवलं नाही. कुरडया वाळत घातल्या की राखणीला आम्ही. कावळे हाकलायचे आणि अर्ध्या वाळलेल्या कुरडया पळवायच्या, दोन्ही कामं एकाच पगारात. दुपारी चिंचा फोडायच्या. आई गोधडी शिवायला बसली की कापडाचे कोपरे आम्ही धरून बसायचो, आणि त्या तासाभरात ती आमच्याशी जेवढं बोलायची तेवढं वर्षभरात बोलत नसे. संध्याकाळी आबा बैल धुवायला नेताना आम्हाला विहिरीवर घेऊन जायचे. पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांनी मला पाण्यात ढकललं ते असंच, बैलांच्या वेळेत.

१९७२ च्या दुष्काळात यातलं काहीच नव्हतं. आई-आबा दोघंही खडी फोडायला जायचे, आम्ही मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खायचो. विहिरीत पाणी नव्हतं, तिथं पोहायचं कुठलं? त्या सालीही कटपीस आले, पण आजीनं ते बाजारात विकले. तात्यांची मनिऑर्डर यायची त्यावर घर तरलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात मी हे विसरलो होतो.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. पहिला महिना गावात कुणाला काही वाटलं नाही. संप काय, पूर्वीही झाले होते. पण फेब्रुवारी गेला, मार्च गेला. पगारच नाही तर खानावळीला पैसे कोण देणार? काकीची चूल थंड झाली. एप्रिलमध्ये पोरांबरोबर काकीही आली, आणि मेमध्ये तात्या. या वेळी पत्र्याच्या पेटीत कापड नव्हतं. भांडी होती. ती बघून आजीनं ओळखलं, हे आठ-दहा दिवसांचं येणं नाही.

मी त्या साली बारावीची परीक्षा देऊन बसलो होतो. जूनमध्ये साताऱ्याला कॉलेजात जायचं ठरलेलं. दोन वर्षांपूर्वी तात्यांनी एक चांगला मोठा तुकडा आणला होता, पांढऱ्यावर बारीक करड्या रेघा. "हा पोराच्या कॉलेजाला," असं म्हणून आजीनं तो ट्रंकेत घालून ठेवला होता. त्याचे दोन शर्ट होणार होते. मी अधूनमधून ट्रंक उघडून तो बघायचो.

तात्यांची पोरं टेरीकॉटच्या कपड्यांत आली होती. मुंबईच्या खोलीत ठीक असेल, आमच्या उन्हात ते कापड अंगाला चिकटायचं. धाकट्याच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या फुटल्या, रात्ररात्र रडायचा. आजीनं तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली आणि तो तुकडा पाण्यात टाकला. मला विचारलं नाही. शिंपीमामांनी त्यातून दोन बंड्या, दोन चड्ड्या आणि पोरीचा एक झगा काढला.

मी चार-पाच दिवस कुणाशी धड बोललो नाही. तात्यांशी तर नाहीच. ते ओट्यावर येऊन बसले की मी उठून आत जायचो. त्यांच्या संपापायी माझे शर्ट गेले, एवढंच माझ्या डोक्यात. अठरा वर्षांचा होतो, कळायला हवं होतं.

एका दुपारी धाकटा तात्यांच्या मांडीवर झोपला होता. मी आतून बघत होतो. तात्यांनी त्याच्या बंडीची कड दोन बोटांत धरून चोळली, मग उजेडाकडं धरली. "हे माझ्या साच्यावरचं हाय," ते आजीला म्हणाले. "ही आडवी पातळ रेघ दिसती का? इथं बाण्याचा धागा तुटला आन् माझं ध्यान नव्हतं. त्यावरनं जॉबर बोलला होता मला. म्हणून तर हा तुकडा मी इकत घेतला." मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "हे पोराच्या कॉलेजाला ठेवलेलं न्हवं?"

आजी म्हणाली, "त्याला काय हुतंय, त्यो मोठा हाय."

तात्या काही बोलले नाहीत. बंडीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते रोजगार हमीच्या कामावर जायला लागले. रोजगार हमीचा कायदा १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला होता. आमच्या शिवारात पाझर तलावाचं काम चालू होतं. आठ तास साच्यांच्या आवाजात उभा राहिलेला माणूस मुरूम खणत होता. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले, आणि मोजमापात त्यांचं काम कमी भरायचं. मी तिसऱ्या दिवशी त्यांच्या जोडीला गेलो. बोललो काही नाही, पाटी उचलली. मग काकीही आली, आणि पोरांना घरी कोण बघणार म्हणून पोरंही. नियमात सावली, पाणी, पोरं सांभाळायला बाई असं सगळं होतं. आमच्या तिथं एक लिंबाचं झाड होतं. त्याखाली पोरं बसायची, मुरमाची घरं बांधायची, दुपारी आमच्याबरोबर भाकरी खायची. करड्या रेघांच्या बंड्या पंधरा दिवसांत तांबड्या झाल्या, त्या पुढं कधी पांढऱ्या झाल्या नाहीत. धाकट्याच्या घामोळ्या मात्र गेल्या. आणि तात्यांचा धाकटा पहिल्यांदाच बापाबरोबर दिवसभर राहिला, असं काकी एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाली.

संप कधी रीतसर मागं घेतलाच गेला नाही. तात्यांना परत कामावर घेतलं नाही. त्यांनी पुढं शेळ्या केल्या, आबांबरोबर शेती केली. मी साताऱ्याला गेलो तो जुन्याच दोन शर्टांवर. कॉलर उलटी करून शिवली की शर्ट आणखी दोन वर्षं जातो, हे शिंपीमामांनी मला त्या जूनमध्ये शिकवलं.

त्या बंड्यांचं शेवटी जे सगळ्यांचं होतं तेच झालं, गोधडीत गेल्या. ती गोधडी आता माझ्याकडं पुण्यात आहे. धाकटा आला की ती मागतो, त्यातली बंडी त्याची आहे म्हणतो. मी म्हणतो, कापड माझं होतं. तो गोधडी उजेडाकडं धरतो आणि आडवी पातळ रेघ शोधत बसतो.