निष्क्रिय खात्यातले सूर

ज्या खात्यात खातेदाराने दोन वर्षं काही घातलं नाही की काढलं नाही, त्याला आम्ही बँकवाले 'निष्क्रिय' म्हणतो. दहा वर्षं झाली की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेकडे रवाना होते. पण ती बुडत नाही हं! खातेदार ओळखीचे कागद घेऊन उगवला, की त्याचे पैसे त्याला द्यावेच लागतात.

वाजवणं सोडलेल्या बोटांचंही असंच असावं, असं माझं बी.कॉम.च्या जोरावर बनलेलं मत आहे. पियानोच्या इतिहासातले दोन भक्कम जामीनदारही त्याला आहेत.

पहिला, पोलंडचा पादेरेव्स्की. पियानोवर जग जिंकलेला हा गृहस्थ पहिल्या महायुद्धात देशाच्या स्वातंत्र्यासाठी धावला आणि १९१९ साली चक्क पंतप्रधान झाला. व्हर्सायच्या तहावर त्याची सही आहे. साहजिकच पियानो बंद. पण वर्ष संपायच्या आत पद गेलं, आणि खिशातही चणचण होती. १९२२ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, हा माजी पंतप्रधान न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा पियानोपुढे बसला. कलेतून राजकारणात जाणारे आपण खूप पाहतो. परतीचं तिकीट काढणारा विरळा!

दुसरा, कीव्हचा होरोविट्झ. प्रकृती आणि मन, दोन्ही थकल्यामुळे १९५३ साली त्याने जाहीर वादन थांबवलं. घरी वाजवी, रेकॉर्डही काढी. पण लोकांसमोर यायचं नाव नाही. अशी बारा वर्षं गेली. म्हणजे आमच्या नियमाने फाईल रिझर्व्ह बँकेत! शेवटी ९ मे १९६५ रोजी, एकसष्टाव्या वर्षी, तो कार्नेगी हॉलमध्ये परतला. आमच्याकडे या वयाला निरोपाचा नारळ देऊन वर्ष झालेलं असतं. तिथे मात्र तिकिटांसाठी लोक रात्रभर रांगेत उभे होते आणि त्याची बायको वांडा त्यांच्या कॉफीची सोय बघत होती.

आणि झालं काय? सुरुवातीलाच साहेबांचे सूर चुकले. तरी तो थांबला नाही, पुढे वाजवत राहिला. रेकॉर्ड निघाली तेव्हा चुका पुसून घेतल्या होत्या. २००३ साली मूळ मैफल जशीच्या तशी बाहेर आली, चुकांसकट. मला विचाराल तर खरं पासबुक हेच. पहिलं खाडाखोड केलेलं.

आपली गोची इथेच होते. विसाव्या वर्षी जी शिल्लक होती, तेवढीच पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्या दिवशी हातात पडावी असा आपला हट्ट. ती कमी दिसली की आपण खातंच बंद करतो. पैसे बुडत नाहीत. आपण काउंटरपर्यंत जात नाही, एवढंच.

माझी पेटी बावीस वर्षं माळ्यावर आहे. बदल्या, घराचं कर्ज, मुलांच्या फिया यांत ती वर गेली ती गेलीच. येत्या रविवारी खाली काढणार आहे. पहिले सूर चुकतीलच. ते शेजाऱ्यांनी थकलेलं व्याज समजावं. मुद्दल हळूहळू मिळेल.