सिंध प्रांतातील मराठी पाऊलखुणा

स्मरणिकेसाठी एखादे प्रवासवर्णन द्यावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली तेव्हा ज्या प्रदेशाविषयी लिहावे असे प्रथम मनात आले, तेथे मी गेलेलो नाही आणि सांप्रत जाण्याचा योगही दिसत नाही. तो प्रदेश म्हणजे सिंध. पश्चिमेस कीर्थर पर्वताच्या उघड्याबोडक्या रांगा, पूर्वेस थरचे वाळवंट, मधून वाहणारी सिंधू, तिच्या काठची सक्कर आणि हैदराबाद ही गजबजलेली शहरे, आणि सागरतीरी कराची. तेव्हा हा प्रवास ग्रंथांच्या आधारेच करावयाचा आहे.

निमित्त मात्र येथलेच. फाळणीनंतर रायपुरास आलेल्या सिंधी बांधवांनी येथील व्यापारात केवढे स्थान मिळविले, हे आपण सारे पाहतोच. उरला येथील औद्योगिक वसाहतीत कामानिमित्त भेटलेल्या एका वृद्ध सिंधी कारखानदारांनी सहज सांगितले की, त्यांचे वडील कराचीच्या नारायण जगन्नाथ शाळेत शिकले होते. हे नाव आपल्याकडचे आहे, हे ध्यानात येताच माझे कुतूहल जागे झाले.

सर चार्ल्स नेपियर याने १८४३ साली मियानी आणि दुब्बा येथील लढाया जिंकून सिंध घेतला. १८४७ साली तो मुंबई इलाख्यास जोडण्यात आला आणि १ एप्रिल १९३६ रोजी स्वतंत्र प्रांत होईपर्यंत तेथेच राहिला. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे सिंधच्या कारभाराची सूत्रे मुंबईहून हलत होती. साहजिकच मुंबई-पुण्याकडचे शिक्षक, कारकून, अभियंते बदलीच्या हुकमाने आगबोटीत बसून कराचीस उतरू लागले. पानिपतानंतर बलुचिस्तानात नेलेल्या मराठ्यांच्या कथा आपण आवडीने सांगतो. बदलीच्या हुकमाने गेलेल्यांची कथा कोणी सांगत नाही. मला स्वतःला ती अधिक जवळची वाटते, हे सरकारी नोकराने वेगळे सांगावयास नको.

या मंडळींतील अग्रणी म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य. सिंधच्या शिक्षण खात्यात ते उपनिरीक्षक होते. १८५५ साली कराचीत निघालेली शाळा ही सिंधमधील पहिली सरकारी शाळा होय. पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. तथापि त्यांचे खरे साहस लिपीच्या क्षेत्रातले. १८५३ साली सरकारने सिंधीसाठी बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरविली होती. हिंदू व्यापाऱ्यांच्या वहीखात्यांची खुदाबादी लिपी मात्र निराळी होती, आणि तीत स्वरचिन्हेच नसल्याने लिहिलेले वाचणे हे अर्धे अनुमानाचे काम असे. १८६८ च्या सुमारास ही लिपी सुधारून शाळेत शिकविण्याजोगी करण्याचे काम सरकारने नारायणरावांकडे सोपविले. त्यांनी ते केले; त्या लिपीत पुस्तकेही निघाली. पण ती रुजली नाही. सरकारी नोकरी अरबी वळणाच्या लिपीवर मिळत होती, आणि नोकरदार आमिल घराण्यांनी तीच जवळ केली. ज्या लिपीत पगार, ती लिपी टिकते, असा हा रोकडा न्याय आहे.

याचा परिणाम आज रायपुरात दिसतो. आजोबांची सिंधी पत्रे अरबी वळणाच्या लिपीत आणि नातवंडांना ठाऊक केवळ देवनागरी. आपण तरी निराळे कोठे आहोत? छत्तीसगडात भोसल्यांच्या अमदानीपासून स्थायिक झालेल्या कोणत्या मराठी घरात आज मोडी कागद वाचता येतो? सिंधी भाषेस स्वतःचे राज्य नसताना १९६७ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, हा त्या समाजाच्या चिकाटीचा विजय खरा. पण घरात भाषा वाचली जाणे ही बाब कोणत्याही घटनादुरुस्तीच्या आवाक्यातली नव्हे.

मोहेंजोदडोच्या इतिहासातही मराठी माणूस दोनदा येतो. १९११-१२ मध्ये पुरातत्त्व खात्याचे देवदत्त रामकृष्ण भांडारकर तेथे गेले आणि विटा पाहून, हे अवशेष दोनशे वर्षांपलीकडचे नाहीत, असा अभिप्राय देऊन परतले! पुढे राखालदास बॅनर्जी यांनी तेथे उत्खनन आरंभिले, आणि १९२४ साली सर जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जगापुढे मांडला. त्याच १९२४-२५ च्या हंगामात तेथील उत्खननाची धुरा पंढरपूरच्या काशिनाथ नारायण दीक्षित यांनी वाहिली. पुढे ते खात्याचे महासंचालक झाले. एका भांडारकरांची नजर चुकली म्हणून त्यांच्या विद्वत्तेस उणेपणा येत नाही, पण दीक्षितांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असू नये याची खंत वाटते.

अभियंत्यांविषयी थोडक्यात. १९३२ साली पूर्ण झालेल्या सक्करच्या प्रचंड बंधाऱ्यासाठी माणसे हवी होती. त्याच निकडीतून कराचीत अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्याचे प्राचार्यपद प्रा. जी. एन. गोखले यांनी भूषविले.

१९४७ नंतर बहुतेक मराठी कुटुंबे परतली. काही तेथेच राहिली. अलीकडच्या काळातही कराचीतील मराठी घरांत गणपती बसतो आणि त्याचे विसर्जन अरबी समुद्रात होते, असे वृत्तपत्रांतून वाचावयास मिळाले आहे. नारायण जगन्नाथ शाळा जुन्या बंदर रोडवर त्याच नावाने उभी आहे. राजस्थानच्या वाळवंटातून मुनाबाव-खोखरापार मार्गे सिंधमध्ये जाणारी रेल्वे १९६५ च्या युद्धात बंद पडली होती. १८ फेब्रुवारी २००६ रोजी ती थर एक्सप्रेस या नावाने पुन्हा सुरू झाली, आणि रायपूरच्या सिंधी वडीलधाऱ्यांनाही आपले गाव एकदा पाहून येण्याची वाट खुली झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये ती गाडी थांबली.